स्वीडलचे गार्डियन

बाळकुमच्या आमच्या सोसायटीत सगळ्यात जास्त प्रवास कोण करत असेल, तर एकाहत्तर वर्षांचे ह्युबर्टनाना. तीर्थयात्रा नाही, परदेशात मुलगा नाही. नात बॅडमिंटन खेळते, एवढंच कारण. पण तेवढ्या कारणावर नानांनी दोन वर्षांत सांगली, जळगाव, नाशिक, चंद्रपूर पाहिलं. पाहिलं म्हणजे तिथले हॉल पाहिले. चंद्रपूर कसं आहे म्हणून विचारलं, तर म्हणतात, "लाईट चांगली आहे. चार नंबरच्या कोर्टावर जरा वारं लागतं."

नाना औषधाच्या कंपनीत पस्तीस वर्षं फिटर होते. त्यांच्या लहानपणी अख्ख्या गावात मिळून एक फुटबॉल होता. तो फाटला की चांभाराकडे जायचा आणि तो परत येईपर्यंत गावाचा अभ्यास व्हायचा. नात स्वीडल बारा वर्षांची. तिची रॅकेट, रॅकेटची तार, बूट, अकॅडमी, फिटनेसचे वेगळे सर हे सगळं नानांनी मुकाट्याने पचवलं. फक्त बदकाच्या पिसांचं शटल काही पचेना. "आमच्याकडे बदक नाताळला यायचं, तेपण एक," ते म्हणतात. "हिला रोज सकाळी लागतं. आणि एवढं करून नुसती पिसं!"

स्वीडलची आई टान्या, म्हणजे नानांची मुलगी, ठाण्याला बँकेत. जावई लिओनेल सहा महिने बोटीवर. तेव्हा एण्ट्री फॉर्मवर 'गार्डियन' या रकान्यात नानांचं नाव लागलं आणि नाना कामाला लागले. या खेळाचं गणित असं, की सकाळी आठला रिपोर्टिंग, मॅच दुपारी चारला, आणि सव्वाचारला आपण परत स्टेशनच्या रिक्षात. मधले आठ तास गावातले लॉजवाले, उपाहारगृहवाले आणि हॉलबाहेर ग्रिप विकणारे यांचे. नानांनी त्यावर उपाय काढला होता. विजेचा छोटा कुकर आणि उकडा तांदूळ बॅगेत. लॉजवर पेज शिजवायची, थर्मासात भरायची. बाहेरचं खाऊन पोट बिघडलेल्या पोरी पहिल्या राउंडला बसकण मारायच्या, स्वीडल टुणटुणीत.

सगळं छान चाललं होतं. मग सांगली झाली.

सांगलीला क्वार्टर फायनल होती डोंबिवलीच्या ऐश्वर्याशी. मॅच सुरू व्हायलाच तीन तास उशीर झाला. ऐश्वर्याचे वडील साईनाथ तिच्या रॅकेटची तुटलेली तार बदलून आणायला गावात गेलेले, आणि पोरगी भिंतीला टेकून सुकलेलं तोंड घेऊन बसलेली. नानांनी थर्मास उघडला, स्वीडलला वाढलं, आणि दुसरा पेला भरून म्हणाले, "घे गो बाय."

ऐश्वर्याने दोन पेले घेतले आणि तिसऱ्या गेममध्ये स्वीडलला एकवीस-एकोणीसने हरवलं.

घरी चौकशी बसली. स्वीडलने साक्ष दिली, "नानांनी तिला मीठ पण विचारलं!"

"पप्पा," टान्या कर्ज नाकारायच्या आवाजात म्हणाली, "खरं आहे हे?"

"माझा बाप मिठागरावर होता. दुपारी पेज वाढली की बांधावर असेल तो जेवायचा. कुणाच्या आगरातला म्हणून विचारत नसत."

"ते मिठागर होतं, पप्पा. ही क्वार्टर फायनल होती!"

त्याच आठवड्यात अकॅडमीने टूर पॅकेज काढलं. प्रवास, हॉटेल, एकसारखे ट्रॅकसूट, मनाची तयारी करून घेणाऱ्या एक बाई, आणि पालकांनी यायची गरज नाही. आकडा ऐकून बोटीवरच्या लिओनेललाच बोट लागली. पण टान्याने ठरवलं. नागपूरला स्वीडल पॅकेजमधून जाणार.

"बरं झालं," नाना म्हणाले. "गुडघे सुटले माझे." आणि मग चार दिवस ते खाली बाकावर बसून, येईल त्याला गुडघे कसे सुटले ते सांगत राहिले. पाचव्या दिवशी मी शेजारी बसल्यावर गुडघ्यांचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, "नागपूरचा हॉल मोठा आहे म्हणतात."

नानांना कामावरून काढलं होतं, आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

गाडी फिरवली ती स्वीडलने. रविवारी जेवताना म्हणाली, "मम्मा, मला नागपूरला डबल्स पण खेळायचंय. ऐश्वर्याबरोबर."

"जिने तुला हरवलं तिच्याबरोबर?"

"म्हणून तर. माझा बॅकहँड कुठे गंडतो ते तिला बरोब्बर माहितीये. ती बाजूला असली तर झाकेल ना."

नानांनी ताटात बघून मान खाली ठेवली. हसू लपवायची त्यांची ती जागा आहे.

टान्याने अकॅडमीच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, बाहेरच्या अकॅडमीची मुलगी पॅकेजमध्ये बसत नाही. तिने मग साईनाथना फोन लावला. त्यांचं डोंबिवलीला झेरॉक्सचं दुकान आहे.

"ताई, डबल्सला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण सांगलीपायी तीन दिवस शटर खाली होतं. आता परत नाय जमणार मला. नाना जाणारेत का? मग पाठवतो. आमची तर म्हणते, नाना असतील तरच."

टान्याने फोन ठेवला. पॅकेजचं पत्रक समोर होतं. त्यावर तिने नखाने दोन-तीन वेळा रेघ ओढली.

"पप्पा, दोन पोरी झेपतील?"

"बघतो," नाना म्हणाले, आणि इतके सावकाश म्हणाले, की गुडघे खरंच दुखत असावेत असं वाटलं. पण हात धुवायला उठले ते तरण्यासारखे.

नागपूरला दोघी सेमी फायनलपर्यंत गेल्या आणि तिथे पडल्या. बॅकहँड झाकला गेला. ऐश्वर्याची सर्व्हिस गंडली. तिकडून नानांचा फोन आला, "हॉल खरंच मोठा आहे." यावेळी चौकशी बसली नाही.

मात्र साईनाथनी दुकानात येणाऱ्या चार पालकांना सांगितलं, आणि बाळकुमला डोंबिवलीहून फोन येऊ लागले. परवा एक योगिनीताई थेट विचारत्या झाल्या, "नाना, तुमचं पॅकेज कितीला बसतं?"

नानांना राग येत नाही, पण तेव्हा आला. "पॅकेज नाय माझं," ते म्हणाले. "मी आजोबा आहे."

आत टान्या कोल्हापूरची तिकिटं काढत होती. तीन. तिने कुणाला विचारलंही नव्हतं; फक्त मध्येच ओरडून म्हणाली, "पप्पा, खालचा बर्थ मिळतोय तुम्हाला. पोरींना देऊन टाकायचा नाही हां."