बाबांनी नापास केलेला यानाचा आवाज

आमच्या घरात बोलायचं काम बाबा करतात, ऐकायचं काम आई करते, आणि मी तिसरी असल्यामुळे माझ्यासाठी काही काम उरलेलं नाही.

याबद्दल माझी तक्रार नाही. न बोलणाऱ्या मुलीला लोक हुशार समजतात. त्यातून ती इंग्रजी माध्यमातली असेल तर फारच हुशार समजतात. (खरं कारण असं, की मराठीत बोलताना एकोणसत्तर आधी की एकोणऐंशी, हे मनात जुळवेपर्यंत समोरचा माणूस विषय बदलून निघून गेलेला असतो.)

मी चाकणला एका कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षणाच्या विभागात काम करते. मध्यंतरी तिथे स्पीकरवर लावायच्या सूचना रेकॉर्ड करायच्या होत्या. 'पिवळ्या पट्ट्यांच्या आतूनच चाला', 'हेल्मेट घातल्याशिवाय आत येऊ नका' वगैरे. कोण करेल, असं साहेबांनी विचारल्यावर बाकीच्यांनी पटापट 'नाही' म्हणून टाकलं. मी म्हणेपर्यंत माझं नाव लिहून झालं होतं. नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं, ही माझ्या आयुष्यातली मोठी अडचण आहे.

रेकॉर्डिंग चिंचवडला एका छोट्या स्टुडिओत होतं. तिथल्या काचेच्या खोलीत मी गेले, कानाला हेडफोन लावले, दार बंद झालं, आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. (लग्न झालेलं नाही, पण कल्पना आली.) कोणी बघत नाही, कोणी मधे तोडत नाही, तुमचं वाक्य पूर्ण होईपर्यंत अख्खा स्टुडिओ श्वास रोखून गप्प बसतो. असं आमच्या घरी कधी झालेलं नाही.

काही दिवसांनी त्या स्टुडिओच्या अमेयचा फोन आला. एका मालिकेत अंतराळयानाच्या संगणकाला आवाज हवा होता. भावना नको, चढउतार नको, जिवंत माणूस बोलतंय असा संशयही यायला नको. "मला पहिलं नाव तुझंच सुचलं," तो म्हणाला.

मी खूश झाले. मग त्याने मालिकेचं नाव सांगितलं आणि मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. ती 'ध्रुवापलीकडे' होती.

'ध्रुवापलीकडे' म्हणजे बाबांच्या तरुणपणची टीव्हीवरची मालिका. बाबा तेव्हा लातूरकडून अप्रेंटिस म्हणून पिंपरीला आले होते आणि काळेवाडीत एका खोलीत चौघांबरोबर राहत होते. त्या भागात टीव्ही एकच, तो बबनकाकांकडे. बबनकाका इथल्या जुन्या शेतकरी घरातले. त्यांच्या वडिलांनी टीव्ही घरात नको म्हणून गोठ्यात ठेवला होता, त्यामुळे दर रविवारी सकाळी दहा-बारा अप्रेंटिस आणि दोन म्हशी मिळून अंतराळात जायचे. त्या यानातल्या प्रवाशांची शिरस्त्राणं म्हणजे चांदी रंग मारलेली स्कूटरची हेल्मेटं होती. अंगावर येणारी उल्का हा उघड उघड बटाटा होता. पण त्या गोठ्यात बाबा आणि बबनकाकांची जी मैत्री झाली ती आजतागायत टिकली आहे, आणि त्या मालिकेबद्दल वाकडा शब्द आमच्या घरी चालत नाही.

आता तीच मालिका नव्याने येत होती आणि यानाचा आवाज मी होणार होते. घरी सांगायचंच नाही, पहिल्या भागात बाबांनी आपणहून ओळखायचं, असं मी ठरवलं. बाबांनी सगळी नोकरी क्वालिटीत काढली आहे. नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. ते पोटच्या मुलीला ओळखणार नाहीत, हा विचारच माझ्या मनात आला नाही.

पहिल्या भागाला आमच्या निगडीच्या फ्लॅटमध्ये बबनकाका आणि जुन्या कंपनीतले आणखी तिघं जमले. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. बाबांनी आधीच जाहीर केलं की जुनी मालिका हा मास्टर पीस धरायचा आणि नवीन माल त्याच्याशी ताडून बघायचा. दिवे मालवले, तारे आले, यान दिसलं. मी कोपऱ्यात मोड्यावर हात घट्ट धरून बसले होते. मग तो आवाज आला, "यान उड्डाणासाठी सज्ज आहे."

बाबांनी टीव्ही थांबवला.

"ही कोण?"

मी तोंड उघडलं, पण बबनकाका पुढे होते. "हिला कुनी जबरदस्तीनं बसवलंय व्हय?"

(हे खरं तर अगदी बरोबर होतं. पण कारखान्याच्या बाबतीत, यानाच्या नाही.)

मी तोंड मिटलं.

पुढचा तास वाईट गेला. उल्का छान होत्या, इतकं त्यांनी मान्य केलं. पण बटाट्यात जी धडाडी होती ती यांच्यात नाही, यावर एकमत झालं. नवा कप्तान दाढी ठेवतो, हे शिस्तीत बसत नव्हतं. पण प्रत्येक चर्चा फिरून आवाजावर यायची. जुन्या यानाचा आवाज कसा भारदस्त, मोठ्या बहिणीसारखा, आणि हिचा बघा, रांगेत कंटाळून उभी असल्यासारखा. शेवटी बाबांनी क्वालिटीतली जुनी पद्धत काढली. दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या उत्तराला मूळ कारण हाती लागतं.

आवाज खराब का? तर त्यात जीव नाही. जीव का नाही? तिला बोलायची सवय नाही. सवय का नाही? घरी बोलत नसणार. घरी का बोलत नाही? घरात कोणी तिला बोलू देत नसणार.

"आणि बोलू का देत नाहीत?" बाबांनी स्वतःलाच विचारलं आणि निकाल दिला, "तिचा बाप स्वतःच बडबड करणारा असणार. लिहून घ्या, दोष मुलीचा नाही, बापाचा आहे."

"मला पण तसंच वाटतं," आई म्हणाली आणि त्यांना आणखी खिचडी वाढली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी नेहमीप्रमाणे गप्प बसून दिवस काढले असते. पण निवृत्त माणसांना वेळ फार असतो. बाबांनी निर्मात्यांना तक्रार पाठवली. तिच्यात 'सदर आवाज वापरण्यास अयोग्य' असं वाक्य होतं. मग देहूरोडपासून कुठकुठले जुने प्रेक्षक त्यांना येऊन मिळाले. फोनवर ग्रुप झाला. कोणी म्हणालं हा आवाज यंत्राने केलाय, कोणी म्हणालं यंत्राने इतका वाईट केला नसता. मी तो ग्रुप रोज कंपनीच्या बसमध्ये वाचायचे. बाबांनीच मला त्यात घेतलं होतं, संख्या वाढावी म्हणून.

मग अमेयचा फोन आला. उरलेल्या भागांचं माझं रेकॉर्डिंग झालेलं होतं, पण निर्माते बिथरले होते. तक्रारी अशाच येत राहिल्या तर ते सगळं टाकून देऊन दुसरी मुलगी घेणार होते, आणि त्यांच्या पुढच्या कामांतही मग मी नसणार होते. त्या रात्री जेवताना मला पहिल्यांदा जाणवलं, की ती काचेची खोली मला किती हवी आहे. मी पानात बघत म्हटलं, "बाबा, त्या यानाच्या आवाजाबद्दल—"

"तेच सांगणार होतो," बाबा म्हणाले. "आम्ही आता व्हिडिओ काढतोय."

व्हिडिओ रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये निघाला. आधी बबनकाका बोलले. ते निवडणुकीच्या सभेसारखे बोलले आणि दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठलं. मग बाबा बोलले. त्यांची प्रस्तावना संपायच्या आत फोनमधली जागा संपली.

"भाऊ, आपलं काम न्हाई हे," बबनकाका म्हणाले. "तुमची केतकी हाय की. इंग्रजी शाळेतली पोरगी, सभ्यपणानं वाचंल. बस पोरी हितं."

मी नाही म्हणेपर्यंत मला एका स्कूटरवर बसवलं होतं आणि हातात कागद दिला होता.

माझ्याविरुद्धची तक्रार मी स्वतः वाचायची होती. मी वाचायला लागले. 'आम्ही या यानावर प्रेम केलं आहे. ज्या वयात स्वतःचं घर नव्हतं त्या वयात आम्ही या यानात राहिलो आहोत.' (बाबा बोलतात त्यापेक्षा लिहितात फार बरं.) 'म्हणून त्याचा आवाज आम्हाला परका वाटला की दुखतं. जिने हा आवाज दिला तिला बहुधा कोणी सांगितलंच नाही की आम्ही कान देऊन ऐकतोय.' इथे मी थांबले. ती ओळ बाबांकडे बघत पुन्हा एकदा वाचली आणि मग शेवटपर्यंत गेले.

वाचून झालं तेव्हा बबनकाका उपरण्याने डोळे पुसत होते.

"असा आवाज पायजे व्हता यानाला," ते म्हणाले. "ही घरात असताना आमी जगभर वरडत बसलोय."

बाबा स्कूटरजवळ आले. "तुझा आवाज असा आहे?" त्यांनी विचारलं. अगदी हळू. बाबा हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं, आणि माझा आवाज कसा आहे ते त्यांना. आम्ही दोघं जरा वेळ नव्याने ओळख झाल्यासारखे उभे राहिलो.

हीच वेळ होती. मी म्हटलं, "बाबा, आधीचा आवाज पण—"

"आधीचं सोड आता," बाबा म्हणाले आणि व्हिडिओ पाठवून टाकला.

दुपारपर्यंत तो सगळ्या ग्रुपांवर फिरला. खाली सगळे एकच मागणी करत होते, संगणकाचं काम या मुलीला द्या. संध्याकाळी अमेयचा फोन आला. तो इतका हसत होता की आधी मला वाटलं त्याला ठसका लागलाय. निर्मात्यांनीही व्हिडिओ बघितला होता. त्यांनी त्याला सांगितलं होतं, काहीही करून ही मुलगी शोध. "मी म्हटलं, शोधतो," अमेय म्हणाला. "थोडा वेळ लागेल असंही सांगितलं."

नंतर त्याने त्यांना खरं काय ते सांगितलं. ते हुशार निघाले. प्रेक्षकांच्या आग्रहावरून पुढच्या भागांत नवा आवाज, असं त्यांनी जाहीर केलं, श्रेययादीत माझं नाव घातलं, आणि झालेलं रेकॉर्डिंग होतं तसंच्या तसं वापरलं. नापास झालेला माल दोन दिवस कोपऱ्यात ठेवून पुन्हा तपासणीला पाठवायचा, ही युक्ती आमच्याकडे लहान-मोठ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये माहीत असते.

पुढच्या भागाला आमच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पडद्यावर माझं नाव आलं तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या. मग मी, म्हणजे संगणक, म्हणाले, "यान उड्डाणासाठी सज्ज आहे."

"हे बघा," बाबा म्हणाले. "याला म्हणतात जीव."

"जमीन-अस्मानाचा फरक हाय," बबनकाका म्हणाले.

मी चहाचे कप घ्यायला स्वयंपाकघरात पळाले. आई ओट्यापाशी उभी होती, पदर तोंडाला लावून हसत होती. तिने पहिल्याच भागात, पहिल्याच वाक्याला ओळखलं होतं. लहानपणी ताप आला की मी अशीच बोलायचे म्हणे.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबले," ती म्हणाली. "आणि मग त्या पाच प्रश्नांनंतर म्हटलं, आता बघूच कुठवर जातंय."

त्यानंतरही मी दोनदा ठरवलं, बाबांना खरं काय ते सांगायचं. पण बाबा इतके समाधानी होते, की मधे बोलायला जागा सापडेना. त्यांना फक्त एक गोष्ट टोचत होती. माल नाकारला तर कारण कळवायची पद्धत असते, आणि आपल्यामुळे एका मुलीचं काम गेलं. म्हणून त्यांनी स्टुडिओच्या पत्त्यावर त्या आधीच्या मुलीसाठी चार ओळी पाठवल्या. मनाला लावून घेऊ नका, आवाज मुळात वाईट नव्हता, घरी मोकळेपणाने बोलत जा, आपोआप सुटेल.

अमेयने ते मुकाट्याने मला पाठवलं. मी ते बसमध्ये वाचलं आणि स्टुडिओमार्फत उत्तर दिलं. तुमचं पटलं, राग अजिबात नाही, माझे वडीलही तुमच्यासारखेच आहेत, फार बोलतात पण फार चांगले आहेत, त्यांना हे एकदा सांगायचं राहून गेलंय.

बाबांनी ते उत्तर आम्हाला चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. मग चष्मा पुसला आणि माझ्याकडे वळले.

"बघ," ते म्हणाले, "किती मोकळी मुलगी आहे. शीक जरा तिच्याकडून."