साडूंची जाड अंगाई

जगातली कुठलीही गोष्ट पातळ असू नये असं माझ्या साडूंचं मत आहे, आणि या मतापायी ते कुणाशीही वैर घ्यायला तयार असतात. आमटीत पळी उभी राहिली पाहिजे, चहावर साय धरली पाहिजे. ते विमा कंपनीत अधिकारी आहेत आणि त्यांची सही खालच्या तीन कागदांवर बोटांनी वाचता येते म्हणतात. बदली होऊन जयपूरला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते रजया घ्यायला गेले. दुकानदार बिचारा कौतुकाने म्हणाला, "साहब, एकदम हल्की है, पर गरम बहुत है." साडू भडकले. "हल्की है तो रजाई कैसी?" शेवटी गाद्यांना लाजवतील अशा चार रजया त्यांनी रिक्षात कोंबून जवाहर नगरच्या घरी आणल्या. अशा माणसाला देवाने अंगकाठी दिली उदबत्तीची, आणि आवाज त्या उदबत्तीच्या धुराचा. बोलताना तो फारसा जाणवत नाही, कारण बोलताना ते बहुतेक वेळा भांडत असतात. गायला लागले की मात्र समोरचा माणूस उठून खिडकी लागली आहे का ते बघतो.

तसे ते गाण्याच्या वाटेला कधी गेले नसते. पण गेल्या वर्षी बंगळूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. तिला सातवा महिना होता. वडिलांच्या बदल्यांमागे भोपाळ, लखनौ, जयपूर असं करत वाढलेली ती मुलगी, मराठी बोलताना अजून चाचपडते. म्हणाली, "बाबा, आजी म्हणायची ना ती अंगाई, मला पूरी येत नाही. मतलब, तुम्ही रेकॉर्ड करून पाठवा ना." आजीला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती चार ओळींची अंगाई आता जगात फक्त साडूंना येत होती. त्यांनी ती मोबाईलवर म्हटली, ऐकली आणि मला जयपुरातल्याच जगतपुऱ्याहून तातडीने बोलावून घेतलं.

"हा कोण गातोय?"

"तुम्हीच, साडूभाऊ."

"एवढा पातळ?" असं म्हणून ते खुर्चीत बसले. "हे ऐकून मूल झोपेल? त्याला वाटेल डास आला."

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे प्रिंटरपासून गळ्यापर्यंत सगळं दुरुस्त करता येत असणार, अशी त्यांची खात्री. तेव्हापासून माझे सगळे रविवार गेले. खोलीचा घुमारा माईकमध्ये येऊ नये म्हणून चारही रजया दारा-खिडक्यांवर टांगल्या. घरघर नको म्हणून पंखा बंद. मे महिन्याचं जयपूर, रजयांची खोली, आणि मधोमध बनियनवर बसलेले साडू, माईकपासून चार बोटं अंतर राखून बाळाला निजवत होते! जरा सूर लागला की कुकरची शिट्टी व्हायची. कुकर बंद करावा तर मागच्या झाडावरचा मोर ओरडायचा. मी चिडायचो. साडू मात्र हेवा वाटून म्हणायचे, "आवाज बघ त्याचा! कसा भरलाय!"

आवाज भरायचा उपाय मी कुठेतरी शिकून आलो. एकच ओळ तीनदा गायची. एक आवाज मधोमध ठेवायचा, बाकीचे दोन हळू करून डाव्या-उजव्या कानात सोडायचे. मात्र तिन्ही वेळा अगदी सारखंच गायला हवं. साडूंनी आयुष्यात कुठलीच गोष्ट दोनदा सारखी केलेली नाही. हेडफोनमध्ये एक साडू ओळ संपवून दम खात होते, दुसरे मध्यावर होते आणि तिसरे अजून खाकरत होते. ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, ऐकून म्हणाल्या, "एकाला सांभाळताना माझी पुरेवाट झाली, आता तीन?" मग तोच आवाज उचलून दोनदा चिकटवून पाहिला. तो नुसता मोठा झाला, भरला नाही. शेवटी खालच्या सुरात मी गायलो, ताई नुसत्या गुणगुणल्या, आणि आम्हा दोघांना साडूंच्या मागे अस्तरासारखं लावलं. त्यावर थोडा घुमारा दिला. साडू म्हणाले, "अजून." अजून दिला. "अजून!" होता होता ते एखाद्या बावडीच्या, म्हणजे इथल्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, तळातून गात असल्यासारखे वाटायला लागले.

"आता कसं भारदस्त!"

"अहो, मूल झोपायला हवंय, दचकायला नको," ताईंनी बजावलं. बऱ्याच तहानंतर बावडीतून आम्ही बैठकीच्या खोलीपर्यंत वर आलो.

या घासाघिशीत अडीच महिने गेले आणि नात जन्माला आली. साडूंनी त्याच दिवशी अंगाई पाठवली. मग दोन दिवस काहीच उत्तर नाही. बाळंतिणीला सवड कुठली, हे त्यांना कळत होतं, तरी दर दहा मिनिटांनी ते फोन उचलून बघायचे. "घुमारा जास्तच झाला का रे?" असं पहिल्यांदाच त्यांनी मला खालच्या आवाजात विचारलं.

रविवारी दुपारी मुलीचं उत्तर आलं. शब्द एकही नव्हता, रेकॉर्डिंग होतं. ती स्वतः गात होती. आवाज थेट बापाचा, धुरासारखा. 'बाळा'चा 'बाला' झाला होता. दुसऱ्या ओळीत ती अडखळली, "सॉरी, सॉरी" म्हणाली आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणू लागली. मागे पंखा घरघरत होता आणि मधेच बाळाची बारीक कुरकुर ऐकू येत होती. तिसऱ्या ओळीला ती कुरकुर थांबली.

सवयीने मी लॅपटॉप पुढे ओढला. "साडूभाऊ, पंख्याचा आवाज काढून थोडं भरूया? दोन थर दिले की..."

"हात लावू नकोस."

मी हात मागे घेतला. साडू हेडफोन कानांवर चढवत म्हणाले, "फक्त जरा मोठं कर. तेवढंच."

मी मोठं केलं. ते डोळे मिटून ऐकत होते. ताईंनी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी हेडफोन काढला नाही. त्याचा एक कान तेवढा उलटा वळवून त्यांच्याकडे केला. दोघं डोक्याला डोकं लावून बसले. मी उठून गॅलरीत गेलो. उन्हं उतरायला लागली होती. आत ती अंगाई संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असावी, कारण बराच वेळ मला कुणी हाक मारली नाही.