न्हाणीघरातला चढ

निवृत्त गणितमास्तरांना आयुष्यात दोनच गोष्टींची शिसारी होती: तुंबलेल्या मोरीची आणि न समजता घोकलेल्या सूत्राची. नव्या न्हाणीघरात दोन्ही एकत्र नांदू लागल्या होत्या, आणि दोन्हींचे कर्ते एकच: अभियंता जावईबापू.

मोरीतून काळे पाणी उलट वर येत होते. वर तेलकट तवंग, त्यात केसांचे गुंते. उद्या फरशी बसली की ही घाण जन्माची सोबतीण होणार होती.

"अहो, जावयाला काही बोलू नका हं," पत्नीने बजावले. "पोरीला त्या घरात नांदायचंय."

"आणि मला या घरात आंघोळ करायचीय!"

उभा जन्म मास्तरांनी फळ्यावर रेषेचा चढ शिकवला. 'भागायचं कशासाठी?' असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. 'याला मार्क किती?' हे मात्र सगळ्यांनी विचारले. त्याच पिकातले एक कणीस आता घरात आले होते.

जावई येताच मास्तरांनी खडू पुढे केला. "सांडपाण्याच्या नळाचा चढ कसा काढलात? मांडा भिंतीवर."

"पाठ आहे मला, बाबा. उंचीतला फरक भागिले अंतरातला फरक." नकाशावर नळाची उंची मोरीपाशी साठ सेंटिमीटर होती, बारा मीटरवरच्या सांडपाण्याच्या टाकीपाशी छत्तीस. "साठातून छत्तीस गेले, चोवीस. बारातून शून्य गेला, बारा. मीटरमागे दोन सेंटिमीटर."

मास्तर कडाडले. "वर अंशात मोरीतून टाकी वजा, खाली छेदात टाकीतून मोरी? दोन्हीकडे क्रम एकच हवा. छत्तिसातून साठ गेले, उणे चोवीस. म्हणून चढ उणे दोन. टाकीकडे जाताना नळ उतरायला हवा होता. तुम्ही तो चढवलात!"

पत्नी मोठ्याने खोकली. जावयाचे नाक लाल झाले.

"चिन्हाचा एवढा बाऊ कशाला? आकडा तोच आला ना?"

दारात उभ्या असलेल्या मुलीने आईकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. भरलेली बादली उचलून तिने मोरीत रिकामी केली. पाणी क्षणभर घुटमळले, आणि केसांसकट माघारी येऊन जावयाच्या चकचकीत बुटांत शिरले.

"शी!" जावई एका पायावर नाचले.

"फरशीवाल्याला उद्या येऊ नको म्हणून कळवते," मुलगी म्हणाली. "आधी नळ उखडायचाय."

"शी काय म्हणता, जावईबापू?" मास्तरांनी नाक दाबूनच खडू पुन्हा पुढे केला. "उणे म्हणा!"