राजाची अडीच घरं

शेवटच्या डावात नुसती बरोबरी झाली, अर्धा गुण मिळाला, की मी मास्टर होणार होतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट, स्पर्धा सांगलीत. आणि मला बसवत नव्हतं. चाल केली की उठायचं, माठातलं पाणी प्यायचं, दुसऱ्यांच्या पटांत डोकवायचं, परत यायचं. साताऱ्याहून सोबत आलेले माझे चुलते, लष्करातून निवृत्त झालेले, मागून गुरगुरायचे, "बूड टेक की रं एका जागी!"

बुद्धिबळ मला त्यांनीच शिकवलं, पण देशी. त्यात राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. स्पर्धेत ही चैन नाही.

समोर हळदीचे एक वयस्कर व्यापारी. त्यांच्या राजाजोडीला वजीर, माझ्या राजाजोडीला एक प्यादं. माझी वेळ संपत आलेली. त्यांचा वजीर जवळ सरकला आणि माझ्या हाताने, मला न विचारता, राजा उचलून अडीच घरांवर ठेवला! घड्याळ दाबून मी माठाकडे पळालो.

परत येतो तो काय, व्यापारी कपाळाला हात लावून त्या उडीवर विचार करताहेत. चुलते मिशीत हसताहेत.

तेवढ्यात पंच आले नि थबकले. "हा राजा इथं कसा?"

"अडीच घरं आला की," व्यापारी वैतागले. "मधी बोलू नका ओ, चाल सुचंना झालीय."

सगळा हॉल हसला. व्यापाऱ्यांनी जीभ चावली; तेही देशीवरच वाढलेले. पंचांनी राजा मूळ घरात ठेवला. "हात लावलाय, आता राजाच हलवा."

जागा एकच उरली होती, कोपऱ्यातली. तिथं गेलो. व्यापाऱ्यांनी हशाचा सगळा राग माझ्या प्याद्यावर काढला. वजिराने ते खाल्लं, त्यांची खुर्ची मागे सरकली. "संपलं!"

मी अर्धा उठलो नि तसाच अडकलो.

"शह कुठाय?" मी विचारलं.

शह नव्हताच. राजाला पाऊल टाकायला घर नव्हतं आणि हलवायला दुसरं मोहरंही नव्हतं. पंचांनी वाकून एकेक घर तपासलं.

"शह नाही, चालही नाही. म्हणजे बरोबरी."

मी उडालोच. व्यापारी हात मिळवताना पुटपुटले, "आवं, ती उडीच राहू द्यायची होती. तिथं मी चुकलो नसतो."

चुलत्यांना ओरडून सांगितलं, "काका, मास्टर झालो!"

त्यांनी कोपऱ्यातल्या राजाकडे बोट दाखवलं. "त्यो झाला. बूड टेकून बसला म्हणून."