भिंगरीचा पूल

परशूआण्णांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गुंद गावात आमच्या शेजारीच त्यांचं घर. चहा अंगणात फेऱ्या मारत प्यायचे, जेवताना मध्येच गोठ्यात डोकावून यायचे. "बसा की भावजी," आई म्हणायची. "बसलं की गंज चढतोय, वैनी," हे ठरलेलं उत्तर.

जन्मभर त्यांनी जंगलात मजुरी केली. मी आठवीत जोयड्याच्या शाळेत जायला लागले, तेव्हा बसथांब्यापर्यंतची वाट अस्वलांची होती. आण्णा आणि त्यांची कुत्री भिंगरी मला रोज पोचवायला यायची. आण्णा दहा पावलं पुढं, भिंगरी माझ्या मागं. मी रेंगाळले की म्हणायचे, "पाय उचल. अस्वल तुजं पुस्तक वाचत न्हाई." आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिच्यात त्या दोघांची चाल आहे.

गेल्या एप्रिलात भिंगरीचे मागचे पाय आखडले. दुपारभर ती धापा टाकायची. गार ठेवली नाही तर हा उन्हाळा काढायची नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. आण्णा दर घटकेला तिच्यावरचं ओलं पोतं बदलत, येरझारा घालत.

मी म्हटलं, "आण्णा, तिच्यासाठी पूल घेऊ या."

"कुत्रीला पूल कशाला? वढा ती पोहून जायची."

"तसा न्हाई. पोहायचा पूल."

"पोहायचं तर मग पूल कशाला, पोरी?"

दांडेलीच्या दुकानात मला मासे छापलेला फुगवायचा पूल आवडला. आण्णांनी त्यावर नख टेकवलं. "भिंगरीच्या नख्या बघितल्यास न्हवं? सकाळी पूल, दुपारी फडकं." पत्र्याचा टब उन्हात भाजेल म्हणून नको. शेवटी जाड प्लॅस्टिकचा गोल टब त्यांनी निवडला, चपला काढून आत उतरले आणि चक्क बसले. दुकानदार बघतच राहिला. मीही.

"ढुंगण सरकतंय," ते म्हणाले. "तळाला पोतं लागंल."

फणसाखाली टब मांडून भरला. भिंगरीनं पुढचे पंजे काठावर ठेवले. मागचे पाय उचलेनात. ती घसरून खाली बसली. आम्ही रुंदी बघितली, खोली बघितली, काठाची उंची कुणीच बघितली नव्हती. आण्णा उचलायला गेले तर गुरगुरली. उचलून घेणं तिला कधीच खपलं नाही.

आण्णांनी टबाभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग ओसरीवरच्या बाकड्याची फळी उपटून आणली. त्या बाकड्यावर ते कधी बसलेच नव्हते. पाय सरकू नये म्हणून फळीला सुंभ गुंडाळला आणि ती काठाला तिरकी टेकवली. भिंगरी एकेक पाऊल टाकत वर चढली, गळ्यापर्यंत पाण्यात उतरली आणि तिनं डोळे मिटले.

"शेवटी पूलच लागला न्हवं?" आण्णा म्हणाले. "शिकलीस तू, पर बरोबर मीच ऐकलं हुतं." आणि पाण्यात पाय सोडून ते फळीच्या वरच्या टोकाला बसले. चहा संपला तरी उठले नाहीत.

भिंगरीनं तो उन्हाळा काढला. आण्णा मात्र पावसाळ्यात गेले, शेताच्या बांधावरून चालता चालता.

आता पुन्हा उन्हं तापली आहेत. भिंगरी आमच्याकडं असते. सुट्टीला आले की टब मी भरते. ती फळीवर चढते, मध्येच थांबते आणि बसथांब्याच्या वाटेकडं बघत राहते.

"पाय उचल," मी म्हणते.

मग ती पाण्यात उतरते.