डेकवरची पंगत

वाशीला जुन्या मुंबई बंदराच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे भेटलेल्या आजींचं नाव मी विचारलंच नाही. त्या उरणकडच्या होत्या, हे बोलण्यावरून कळलं. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं. बाकीचे लोक फोटोंत ओळखीच्या इमारती शोधत पुढे सरकत होते. आजी मात्र एकाच फोटोसमोर थांबल्या होत्या. एका प्रचंड आगबोटीच्या डेकवर खलाशी पंगतीला बसले होते.

"माजा बापूस आगबोटीवर खलाशी व्हता," त्या मला म्हणाल्या. "मी पोटात व्हती तवा गेला, तो परत आलाच न्हाय."

त्यांचं बोट काचेवरून एकेका चेहऱ्यावर फिरत होतं.

"सापडले का, आजी?"

"कसा सापडंल? मी त्याला कदी बघितलाच न्हाय." त्या बोट फिरवतच राहिल्या. "आय मना किनाऱ्यावरून आगबोट दाखवायची. लांबून कवडीएवढी दिसायची. मना वाटायचं, एवढ्याशा बोटीत बाबा एकटाच असंल. आख्खा जलम मना तो एकटाच दिसला. आनि ही बघ गो पोरी, केवडी मानसं!"

मी आतापर्यंत फक्त जहाज बघत होते. आता मला एकमेकांना खेटून बसलेली माणसं दिसली. एक जण ताटांत वाढत होता, दोघं कशावर तरी हसत होते.

आजी काचेजवळ वाकल्या, एका ताटाकडे निरखून बघत राहिल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "भात हाय."