बारीक अक्षरातली ओळ

नातवंडांनो,

धाकटीने पत्रात माझी चेष्टा केली आहे: "आजी, बाळ आठवड्याचं झालं नाही तोवर बाप्तिस्म्यासाठी तुझी दोन पत्रं! एवढी कसली घाई?" हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता पणतू आला आहे, म्हणून सांगते.

मी बारा वर्षांची असताना आप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून होते. तिथं आपलं चर्च नव्हतं. बेळगावहून फादर महिन्यातून एकदा यायचे. माझा भाऊ जन्मला तेव्हा त्यांच्या फेरीला बारा दिवस होते. आईने बाप्तिस्म्यासाठी पांढरं झबलं शिवलं. नवव्या दिवशी सकाळी सुईणीने बाळाला न्हाऊ घातलं आणि दुपारी ते गेलं.

फादर आल्यावर आईने विचारलं, बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ आता कुठं आहे? ते म्हणाले, देव दयाळू आहे.

ते गेल्यावर आई म्हणाली, "दयाळू हाय ते मला ठाव हाय. कुठं हाय ते इचारलं."

पुढं आम्ही बेळगावात कॅम्पात आलो. सिस्टरांच्या शाळेत मी मॅट्रिकपर्यंत पोचले, तेव्हा आई एकदा म्हणाली, "एवढं इंग्रजी वाचतीस, तर पुस्तकात बघ की गं, आपलं बाळ कुठं हाय."

सिस्टरांकडून मी धर्मशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ आणला. शेजारी डिक्शनरी ठेवून रोज दुपारी चार पानं वाचायची, असा नेम केला. पावसाळा संपता संपता बाप्तिस्म्याचं प्रकरण आलं. त्यात लिहिलं होतं, जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. आई देऊ शकते, सुईणही देऊ शकते, मग ती कुठल्याही धर्माची असो. डोक्यावर पाणी ओतायचं आणि एक वाक्य म्हणायचं.

पाणी त्या सकाळी होतं. मी पुस्तक मिटलं. आठ दिवस उघडलं नाही.

मग पुढं वाचलं. बाप्तिस्मा न होता गेलेली बाळं सुखात असतात, पण त्यांना देवाचं दर्शन होत नाही. खाली बारीक अक्षरात एक टीप होती: एका जुन्या पंडिताच्या मते आईबापांची इच्छाही बाळाला तारू शकते. पुढं लिहिलं होतं, इतरांना हे मान्य नाही.

आई अंगणात मिरच्यांची देठं काढत होती. मी तिला फक्त त्या पंडिताचं मत सांगितलं.

"इच्छा तर लई हुती," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आनी काय लिवलंय?"

"एवढंच."

"एवढं जाड पुस्तक, आन् एवढंच?"

ती हसली. कित्येक वर्षांनी हसली. मग तिने ती ओळ माझ्याकडून मराठीत लिहून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, ती चिठ्ठी काढून माझ्या हातात द्यायची आणि मी वाचून दाखवायची.

आई गेल्यावरही मी असे ग्रंथ मागवून वाचत राहिले. तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता वाचून दाखवता आलं असतं, असं एखादं पान मला हवं होतं. ते अजून सापडलेलं नाही.

तो ग्रंथ तेव्हाच सिस्टरांच्या मठात परत गेला. चिठ्ठी माझ्याकडे आहे, आईने ठेवली होती तशी, त्या झबल्याच्या घडीत. झबलं पिवळट पडलं आहे. शिवण कुठंही उसवलेली नाही.